चॅनेलवरचा 'प्लस आय' काढला तरी जात नाही: दर पावसाळ्यातला बिघाड आणि त्याचा इलाज

कोयनेतून विसर्ग वाढवला अशी बातमी आली की आमच्या आयआरसी (इंटरनेटवरची मजकुरी गप्पांची पद्धत) चॅनेलवर वर्दळ सुरू होते. एरवी तिथे दहा-बारा माणसं असतात, तीही गप्प. नदी चढायला लागली की पुण्यातली, बेंगळुरूतली, आखातातली सांगलीकर मंडळी एकामागून एक येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: आयर्विनला किती फूट, म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती? नेमकं त्याच दिवशी आमचं चॅनेल बिघडायचं. नवी माणसं आत येऊ शकायची नाहीत, आलेल्यांना बोलता यायचं नाही, आणि ज्यांच्या हातात चाव्या त्यांचंच नेट गेलेलं असायचं. आम्ही धावपळ करून कसंबसं निभावायचो. पाणी उतरलं की घरातला चिखल काढण्यात चॅनेल विसरून जायचो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

यंदा बसून एकेक गोष्ट मुळापासून तपासली. जे सापडलं ते इथे लिहितो. तुमचं चॅनेल पुराचं असायलाच हवं असं नाही. वर्षातून थोडेच दिवस गर्दी होणाऱ्या कुठल्याही चॅनेलला, मग ते परीक्षेचं असो की वारीचं, हाच घोळ गाठतो.

आयआरसीच का, असं नवीन माणूस हमखास विचारतो. ही पद्धत १९८८ साली फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी लिहिली. नुसता मजकूर जातो, त्यामुळे मोडक्यातोडक्या नेटवरही चालते. चॅनेलवर येण्यासाठी फोन नंबर द्यावा लागत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इथे इशारा पातळी ४० फुटांची आणि धोका पातळी ४५ ची आहे, त्यावरून ते दिवस कसे होते याचा अंदाज करा. तेव्हा फोनवरच्या गटांत व्हिडिओंचा इतका ढीग पडायचा की नुसता पातळीचा आकडा शोधायला अर्धा तास जायचा. म्हणून हे चॅनेल उभं राहिलं. अधिकृत माहितीसाठी जलसंपदा विभाग आणि महापालिकेचा नियंत्रण कक्षच धरायचा. चॅनेल आहे ते आपल्या माणसांनी एकमेकांना सांगण्यासाठी.

आम्ही लिबेरा चॅटवर आहोत. हे नेटवर्क १९ मे २०२१ रोजी सुरू झालं आणि आम्ही जूनमध्ये तिथे मुक्काम हलवला. जुलैत पुन्हा महापूर आला. म्हणजे नवीन घर लावून व्हायच्या आधीच पाहुणे दारात उभे. आमच्या बहुतेक चुका त्या एका महिन्यातल्या आहेत.

वाचण्याआधी एक सूचना. कमांड रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. '##चॅनेल' दिसेल तिथे आपल्या चॅनेलचं नाव घालायचं. लिबेरावर अनौपचारिक चॅनेलचं नाव दोन हॅशने सुरू होतं, एका हॅशची नावं प्रकल्पांसाठी राखलेली असतात. मोड (चॅनेलला लावलेले नियम) आणि फ्लॅग (खात्याला दिलेले हक्क) यांच्या अक्षरांत लहान-मोठा फरक असतो. मोठं अक्षर हवं तिथे मी 'कॅपिटल' असं लिहिलं आहे, बाकी सगळी लहान.

नवीन माणसाला आत येता येत नाही

मुख्य दुखणं हे. बाहेरून येणाऱ्याला 'कॅनॉट जॉइन चॅनेल, प्लस आय' असा संदेश यायचा. प्लस आय म्हणजे फक्त आमंत्रितांसाठी. फोन आला की आमच्यातला कुणीतरी ऑप (चॅनेल चालवण्याचा हक्क, नावापुढे @ दिसतो) घेऊन तो मोड काढायचा:

/मोड ##चॅनेल -आय

आणि दोन मिनिटांनी दुसरा फोन: "दादा, अजून बंदच दाखवतंय." बघावं तर प्लस आय जागच्या जागी. यावरून आमच्यात खरोखरची भांडणं झाली. माझा मावसभाऊ आणि मी, दोघेही ऑप. तो मला म्हणाला, "मी काढतोय आणि तू लावतोयस, चाललंय काय तुझं?" मला वाटत होतं तोच लावतोय. त्या रात्री आम्ही एकेका माणसाला हाताने आमंत्रण देत बसलो. त्यातले किती जण कंटाळून परत गेले ते कधीच कळलं नाही, कारण बाहेर थांबलेला माणूस आतून दिसत नाही.

तो मोड परत लावणारं कुणी नव्हतंच. तो मुळात निघतच नव्हता. चॅनसर्व्हने, म्हणजे चॅनेलची नोंद आणि हक्क सांभाळणाऱ्या नेटवर्कच्या स्वयंचलित सेवेने, तो कुलूपबंद करून ठेवला होता. स्क्रीनवर तशी इंग्रजी ओळ दर वेळी येत होती: एमलॉक असल्याने हा मोड बदलता येत नाही. पण आम्ही सगळ्यांनी आपापल्या क्लायंटमध्ये (आयआरसीच्या ॲपमध्ये) आल्या-गेल्याच्या आणि मोडच्या ओळी लपवून ठेवल्या होत्या, गर्दीत त्रास नको म्हणून. जी एक ओळ उत्तर सांगत होती तीच आम्ही झाकली होती. तेव्हा पहिलं काम: ऑप असणाऱ्याने मोडबद्दलच्या ओळी कधीही लपवू नयेत. आल्या-गेल्याच्या लपवा, या नाही.

चॅनसर्व्ह असं का करतो? त्याच्याकडे प्रत्येक नोंदलेल्या चॅनेलची एक 'मोड लॉक' यादी असते, एमलॉक. त्या यादीत जे मोड आहेत ते चॅनेलवर लागलेलेच राहतील हे बघणं त्याचं काम. तुम्ही ऑप आहात की संस्थापक, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तुम्ही काढायला गेलात की सर्व्हर नकार देतो. २०२१ च्या जुलैत एका रात्री कुणीतरी उपद्रवी चॅनेलवर शिव्यांचा भडिमार करत होता. तेव्हा आमच्यातल्या एकाने, मोड टिकत नाही असं वाटून, प्लस आय थेट एमलॉकमध्ये घातला. त्या रात्रीपुरता तो निर्णय बरोबरच होता. पण सकाळी तो काढायचा राहिला. पुढचं वर्षभर कुणाला काही जाणवलं नाही, कारण जुनी मंडळी बाउन्सरवरून (आपल्या वतीने कायम जोडलेला राहणारा प्रोग्राम) कायम आतच होती आणि कोरड्या दिवसांत नवीन कुणी येतंय कशाला? पाऊस आला, माणसं आली, आणि दार बंद असल्याचं तेव्हा कळलं. दुखणं पावसाळ्यातच का उपटतं याचं कोडं इथे सुटलं.

तपासायचं असं:

/एमएसजी चॅनसर्व्ह इन्फो ##चॅनेल

उत्तरात 'मोड लॉक' अशी ओळ असते. त्यात आय, के, एल, एम, आर यांपैकी काही अधिक चिन्हाने दिसलं तर ते तुम्हाला खरंच कायम हवं आहे का, हे ठरवा. के म्हणजे पासवर्ड, एल म्हणजे माणसांची मर्यादा, एम म्हणजे फक्त ऑप किंवा व्हॉइस (बोलायची खास परवानगी) असलेल्यांनी बोलायचं, आर म्हणजे खातं असलेल्यांनाच प्रवेश. उलटही होतं: वजा चिन्हाने एम असेल तर ऐन गोंधळात तुम्हाला प्लस एम लावताच येत नाही. दुरुस्ती एका ओळीची आहे:

/एमएसजी चॅनसर्व्ह सेट ##चॅनेल एमलॉक +एनटी

यासाठी तुमच्या खात्यावर स्मॉल एस फ्लॅग लागतो. ही कमांड जुन्या यादीत भर घालत नाही, जुनी पुसून नवी लिहिते. म्हणून आधी जुनी ओळ वहीत उतरवून घ्या. आमच्या एमलॉकमध्ये आता फक्त एन आणि टी आहेत. एन म्हणजे चॅनेलबाहेरून संदेश येऊ नयेत, टी म्हणजे टॉपिक (चॅनेलच्या वर दिसणारी ओळ) ऑपशिवाय कुणी बदलू नये. बाकी सगळे मोड आम्ही हातानेच लावतो आणि हातानेच काढतो. संकटापुरता नियम एमलॉकमध्ये घालायचाच नाही असं आम्ही ठरवलं आहे, कारण घालणारा जागा असतो आणि काढणारा झोपलेला.

लॉक काढल्यावर चॅनेलवरचा सध्याचा मोड आपोआप जात नाही. वजा आयची कमांड वेगळी द्यावी लागते. हे न कळल्याने आमची आणखी दहा मिनिटं गेली.

आत आला, पण त्याचं बोलणं कुणालाच दिसत नाही

हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं. एका पुराच्या संध्याकाळी पुण्यातली एक मुलगी ब्राउझरमधून चॅनेलवर आली होती. तिचे वडील कर्नाळ रस्त्याला एकटे होते. तिने चार वेळा विचारलं, "कर्नाळ रस्त्याला बोट गेली का?" आम्ही पंधरा जण आत होतो आणि एकालाही ते दिसलं नाही. तिचं नाव यादीत दिसत होतं, ती गप्प आहे असं आम्ही समजलो. दुसऱ्या दिवशी ओळखीतून फोन आला तेव्हा कळलं. वडील सुखरूप होते, शेजाऱ्यांनी वर नेलं होतं. पण ती रात्र तिने कशी काढली असेल?

कारण क्वाएट यादीत होतं. बॅनसारखीच एक यादी असते, मोड क्यू. त्यात ज्याचा नमुना बसतो तो आत येऊ शकतो पण बोलू शकत नाही. आमच्या यादीत '$~ए' असा नमुना होता. याचा अर्थ: खात्यात लॉगिन नसलेला प्रत्येक जण. उपद्रवी लोकांना आवरायला हा उत्तम उपाय आहे, आम्ही तो त्याच जुलैत लावला होता. पण पुराच्या रात्री घाबरून आलेल्या माणसाचं खातं असणार कुठून? खातं काढायचं तर ईमेल द्यायचा, त्यावर आलेला कोड परत टाइप करायचा. तिला 'कॅनॉट सेंड' असा इंग्रजी संदेश येत होता. तिला वाटलं नेट गंडलंय.

यादी बघायला:

/मोड ##चॅनेल क्यू

आणि तो नमुना काढायला:

/मोड ##चॅनेल -क्यू $~ए

आमची पद्धत आता अशी आहे. साध्या दिवशी हा नमुना लावायचा नाही. उपद्रव सुरू झालाच तर लावायचा, पण त्याच्यासोबत प्लस झेड मोडही लावायचा:

/मोड ##चॅनेल +क्यूझेड $~ए

प्लस झेड असला की क्वाएट, बॅन किंवा प्लस एम यांनी अडवलेला मजकूर वाया जात नाही, तो फक्त ऑपना दिसतो. ऑपने वाचायचा, माणूस खरा आहे असं दिसलं की त्याला व्हॉइस द्यायचा:

/मोड ##चॅनेल +व्ही टोपणनाव

व्हॉइस मिळालेल्यावर क्वाएटचा अंमल चालत नाही, तो लगेच सगळ्यांशी बोलू शकतो. एवढ्या एका मोडने ती मुलगी त्या संध्याकाळी आमच्यापर्यंत पोचली असती.

पण प्लस झेडची एक बाजू नीट समजून घ्या, नाहीतर पहिल्यापेक्षा वाईट होईल. प्लस झेड असताना अडवलेल्या माणसाला चूक झाल्याचा संदेश येत नाही. आपलं बोलणं सगळ्यांना गेलं असंच त्याला वाटतं. आणि तो मजकूर त्या क्षणी ज्याच्या नावापुढे @ आहे त्यालाच दिसतो. नुसता फ्लॅग असून @ घेतलेला नसेल तर दिसत नाही. चॅनेलवर एकही ऑप चढलेला नसेल तर ती हाक विहिरीत गेली. म्हणून आमच्याकडे प्लस झेड लावणाऱ्याने ऑप सोडायचा नाही आणि झोपायला जाताना दुसऱ्याला चढवून, त्याने "आहे" असं लिहिल्यावरच जायचं. दुसरा कुणी नसेल तर झेड आणि क्यू दोन्ही काढून जायचं. चार शिव्या वाचाव्या लागल्या तरी चालतील.

नेट येऊन-जाऊन ऑप जातो

सांगलीत पावसात वीज जाते, राउटर बंद पडतो, मग मोबाइलच्या नेटवरून परत यायचं. सर्व्हरला तुमचं जुनं कनेक्शन मेल्याचं कळायला काही मिनिटं लागतात, तोवर तुमचं नाव तिथे अडकलेलं असतं. तुम्ही मागे अंडरस्कोअर लागलेल्या नावाने येता, @ नसतो, आणि घाबरून कुणाकडे तरी ऑप मागत बसता. आम्ही पूर्वी ओळखीवर द्यायचो. एकदा चुकीच्या माणसाला दिला.

नाव नव्हे, खातं महत्त्वाचं, ही इथली गोम. चॅनसर्व्हचे फ्लॅग खात्याला चिकटलेले असतात. नावाला अंडरस्कोअर लागो की काही लागो, तुम्ही खात्यात लॉगिन असाल तर तुमचे हक्क शाबूत आहेत. मागून ओळख पटवण्यापेक्षा क्लायंटच्या सेटिंगमध्ये लॉगिनची पद्धत 'एसएएसएल' निवडा आणि पोर्ट ६६९७ टीएलएससह (कूटबद्ध जोडणी) ठेवा. एसएएसएलने कनेक्शन पूर्ण व्हायच्या आधीच लॉगिन होतं. नाहीतर क्लायंट आधी चॅनेलवर शिरतो, पासवर्ड नंतर पाठवतो, आणि मधल्या काही सेकंदांत आपल्याच लावलेल्या '$~ए' च्या कचाट्यात आपण सापडतो. जुनं नाव परत हवं असेल तर निकसर्व्हला, म्हणजे नावं आणि खाती सांभाळणाऱ्या सेवेला, सांगा:

/एमएसजी निकसर्व्ह रीगेन टोपणनाव

आता फ्लॅग. कॅपिटल ओ असेल तर आत येताच @ मिळतो. स्मॉल ओ असेल तर तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो:

/एमएसजी चॅनसर्व्ह ऑप ##चॅनेल

आमच्यातल्या दोघांना "माझा ऑप गेला" असं वाटत होतं. गेला नव्हता, त्यांना स्मॉल ओच दिलेला होता. मला स्वतःला स्मॉल ओच बरा वाटतो. कामापुरतं चढावं, काम झालं की उतरावं. सगळेच कायम @ लावून बसले की नवखा माणूस बोलायला बिचकतो. फक्त पुराच्या दिवसांत, प्लस झेडसाठी, दोघांना कॅपिटल ओ देतो.

कुणाकडे काय आहे ते बघायला '/एमएसजी चॅनसर्व्ह फ्लॅग्स ##चॅनेल'. द्यायला त्यापुढे खात्याचं नाव आणि '+ओटीव्ही' असं काही. आम्ही इथे सगळ्यात जास्त सुधारणा केली. पूर्वी पातळी टॉपिकमध्ये लिहिणाऱ्या प्रत्येकाला ऑप द्यायचो, कारण प्लस टी असल्याने दुसरा मार्ग माहीत नव्हता. आता पातळी वाचणाऱ्या चौघांना फक्त स्मॉल टी फ्लॅग आहे. ते @ न घेता चॅनसर्व्हकडूनच टॉपिक बदलून घेतात:

/एमएसजी चॅनसर्व्ह टॉपिक ##चॅनेल मजकूर

ज्याच्या हातात बॅन करण्याची ताकद नाही त्याच्या फोनचं काहीही झालं तरी चॅनेलचं नुकसान होत नाही. त्या चौघांतल्या आजोबांना तर @ म्हणजे काय हेही माहीत नाही, आणि त्यांचं काम वर्षानुवर्षं बिनचूक आहे.

एक जण पुण्यातल्या आपल्या मशिनवर सगळ्यांसाठी झेडएनसी चालवतो. हा बाउन्सर तुमच्या वतीने कायम जोडलेला राहतो, तुम्ही त्याच्याशी जोडता. सांगलीतली वीज गेली तरी पुण्यातली असते. निदान दोन ऑपनी तरी असं काही करून ठेवावं, आणि ते दोघे एकाच गावात नसावेत.

एकाला बॅन केलं, दहा जण अडकले

आयपी पत्त्यावर बॅन लावू नका, निदान मोबाइलवाल्यांवर नाही. आपल्याकडच्या मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. तुम्ही एका टवाळाला रोखलं की त्याच पत्त्यामागून येणारा मारुती चौकातला दुकानदारही अडतो. आणि टवाळ विमानमोड लावून-काढून नवीन पत्ता घेऊन परत येतो, अडतो तो दुकानदारच. खातं असेल तर खात्यावर बॅन लावा, '$ए:खात्याचं नाव' असा. पत्त्यावर लावायची वेळच आली तर चॅनसर्व्हच्या अकिकला (आपोआप हाकलायच्या यादीला) मुदत घाला:

/एमएसजी चॅनसर्व्ह अकिक ##चॅनेल ॲड नमुना !टी ६० कारण

साठ मिनिटांनी तो आपोआप निघतो. अंक अर्थातच रोमन द्यायचे. आमच्या बॅन यादीत २०२१ चे नऊ पत्ते तसेच पडलेले होते. एव्हाना ते कुणाच्या फोनला लागले असतील कोण जाणे. सगळे काढले.

छोट्या दोन गोष्टी

प्लस जे म्हणजे ठरावीक सेकंदांत ठरावीक माणसांनाच प्रवेश. आम्ही '५:१०' ठेवला होता, दहा सेकंदांत पाच जण. पण एखाद्या भागातलं नेट परत आलं की वीस जण एकदम येतात, त्यांना हा मोड हल्ला समजतो. काढून टाकला.

दुसरी गोष्ट प्लस एफ, म्हणजे आत जाता न येणाऱ्याला दुसऱ्या चॅनेलवर वळवणं. आमचं वळण एका जुन्या, रिकाम्या चॅनेलकडे होतं. तिथे जाऊन बघितलं तर एक जण एकटाच बसलेला होता, कधीपासून ते माहीत नाही. तेही काढलं. '/मोड ##चॅनेल' एवढंच टाइप केलं की सध्याचे सगळे मोड दिसतात, त्यात एफ आहे का बघा.

मराठी टॉपिक मध्येच तुटतो

हे फक्त आपल्यालाच भेडसावतं, म्हणून इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही. आयआरसीची एक ओळ ५१२ बाइटची असते, त्यातच तुमचं नाव, पत्ता, चॅनेलचं नाव सगळं. लिबेरावर टॉपिकची मर्यादा ३९० बाइट आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. मात्रा, वेलांटी, हलन्त सगळी वेगळी मोजली जातात. 'क्षे' हे एक अक्षर दिसतं, पण त्यात चार चिन्हं आहेत, म्हणजे बारा बाइट. तेव्हा टॉपिकमध्ये फार तर १३० चिन्हं मावतात आणि साध्या संदेशातही १३०-१४० च्या आसपासच. काही क्लायंट लांब संदेश स्वतःच दोन ओळींत तोडून पाठवतात, काही तसे नसतात, आणि शेवटचं वाक्य चौकोनात किंवा प्रश्नचिन्हात संपतं.

आमचा घोटाळा असा झाला की टॉपिकच्या सुरुवातीला स्वागत आणि सूचना होत्या, पातळी शेवटी. तुटायचा तो आकडाच. आता आकडा पहिला: "आयर्विन पूल ४१ फूट, सकाळी ८". एवढ्याला ६९ बाइट लागतात, आकडे रोमन लिहिले तर ६३. कुठे बोट आहे, कुठला रस्ता बंद आहे ते त्यानंतर. स्वागत नाहीच. टॉपिक टिकावा म्हणून हेही एकदा करून ठेवा:

/एमएसजी चॅनसर्व्ह सेट ##चॅनेल कीपटॉपिक ऑन

शेवटचा माणूस बाहेर पडला की आयआरसीवर चॅनेलच नाहीसं होतं, टॉपिकसकट. हे लावलं की पुढचा माणूस आल्यावर चॅनसर्व्ह जुना टॉपिक परत लावतो. 'गार्ड ऑन' केलं तर चॅनसर्व्ह स्वतःच चॅनेलवर येऊन बसतो.

चाव्या कुणाकडे

चॅनेलचा संस्थापक, कॅपिटल एफ फ्लॅगवाला, आमच्याकडे एकच होता आणि तो जहाजावर नोकरीला. एमलॉक बदलायला लागणारा स्मॉल एस फ्लॅगही त्याच्याकडेच. म्हणजे दोन पावसाळे आम्हाला कारण कळलं असतं तरी दुरुस्त करता आलं नसतं. यंदा तो सुट्टीवर आला तेव्हा विश्रामबागला चहा घेता-घेता त्याच्याच लॅपटॉपवरून आणखी एका खात्याला कॅपिटल एफ आणि दोघांना स्मॉल एस दिला.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही चॅनेलची तपासणी केली. इन्फो, मोड, क्यू आणि बी (बॅन) या याद्या, फ्लॅग्स, एवढं सगळ्यांसमोर वाचलं. सगळं नीट दिसत होतं, पण आम्ही सगळे आतले, लॉगिन केलेले, फ्लॅगवाले. आम्हाला बंद दार दिसणारच नाही. म्हणून मग माझ्या आईचा फोन घेतला. त्यावर खातं नाही, ॲप नाही, काही नाही. ब्राउझर उघडून तिच्या हातात दिला आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. तिने नाव टाकलं, चॅनेलवर आली आणि सावकाश टाइप केलं, "पाणी किती आहे?"

वीस सेकंदांत दुबईहून उत्तर आलं, "काकू, सध्या काही नाही. पात्र रिकामं आहे."